पायाचे सांधे

आता तेच तेच किती खेप इचारता, मुनशीजी? साहेबाच्या बहिणीनं तुमाले त्या चित्रासाठी मुंबईहून धाडलं, खरं — पण मी गुलाम नबी, अमरावतीचा छिपा, कापडाचे ठसे कोरतो, साहेबानं म्हटलं तसं चित्र काढलं. सरकून बसा, रंगात पाय पडन. साहेब आला होता कापूस तपासाले, विलायतेत आपल्या कापसाची मागणी लय वाढली होती तवा — अन् धागा पाहाच्या भिंगाखाली विहिरीवरचं शेवाळ ठेवून बसे. त्याच्यात तो चित्रातला जीव. नुसत्या डोळ्याले दिसत नाई, आठ पायाचा, अस्वलावानी डुलत चाले. पाणी सुकलं का आखडून दाणा होऊन जाय, आठ दिसानं थेंब टाकला का पुन्हा चाले — म्या सोता पाह्यलं. साहेबाले एकच घोर, हा कोनाच्या नात्यातला? गांडुळाच्या, का विंचू-खेकड्याच्या? म्हणे, पायाले सांधे असन तर विंचवाचा भाऊबंद. नसन तर घराणंच निराळं.

मंग सांधे काहून काढले? त्यानं सांगतलं म्हणून. — नाई, लिहून नाई, तोंडानं. तसं सांगतलंबी नाई... त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, भिंगातून धुकंच दिसे. म्हणे, नबी, तूच पाह्य, तुहे डोळे तेच माहे. म्या पाह्यलं — पाय आखूड, मऊ, सुरवंटावानी, टोकाले नख्या. सांधा एक नाई. पण साहेब मांगं उभा, सांधे हायत ना, नबी? तीनदा इचारलं. पोरगा झाला का म्हणून बाप दाराआडून इचारते ना, तसा आवाज. म्या म्हटलं, हायत. अन् काढले.

साहेबानं ते चित्र आपल्या नावानं विलायतेत छापाले धाडलं. तिकडं लोकाईनं तोच जीव भिंगाखाली धरला, अन् साहेबाले खोटारडा ठरवलं. तसं पत्र आलं तवा तो अकोल्याले होता, तिथं मले बोलावलं. खरंच पाह्यले होते सांधे? म्या म्हटलं — पाह्यलं तेच काढलं. त्यानं विलायतेले लिवून धाडलं, नजर माहीच चुकली. सारा दोष सोतावर घेतला. दोन महिन्यानं तापानं गेला.

बहिणीले म्हणा, तुमचा भाऊ... थांबा. तुमी काय लिवून राह्यले? कवापासून?

आणा इकडं. येते मले वाचता.

हो. हेच बोललो. बोरू द्या — सही कुठं करू, इथं?

घ्या. अन् आता निघा, मुनशीजी. दार लोटून घ्या.