जिवंत असल्याच्या दाखल्याचा मोड

दिनांक ०६/०२/२०२५

मी, मनस्वी नवसू गोजर, वय २४ वर्षे, धंदा – मुरबाड येथे खाजगी कॉम्प्युटर सेंटरवर फॉर्म भरण्याचे काम, रा. वैशाखरे, ता. मुरबाड, जि. ठाणे. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई, वडील व भाऊ यांच्यासह राहते. कामाला एसटीने जाऊन-येऊन आहे. मला बंदुकीचा ऑनलाइन गेम खेळण्याची आवड आहे. शहापूर, मुरबाड, आसनगाव भागातल्या खेळणाऱ्यांचा 'घाटाखालची टोळी' नावाचा आमचा ग्रुप असून त्यात सुमारे तीनशे जण आहेत. मोड म्हणजे काय, असे विचारल्यावरून सांगते की, मूळ गेम तोच ठेवून त्यात आपण आपल्या हाताने बदल करतो, त्याला मोड म्हणतात. यापूर्वी मी एक मोड केला होता, त्यात हातबॉम्बऐवजी फणस पडत असे. त्याबद्दल कोणाची तक्रार आलेली नाही.

लहानी लखमा वाघ, वय अंदाजे ६०, धंदा मजुरी, रा. वैशाखरेजवळची वाडी, यांना मी लहानपणापासून ओळखते. आमच्या भातलावणीला त्या येतात. मी त्यांना मावशी म्हणते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावला असता, त्या मयत झाल्याने नाव कमी केल्याचे त्यांना समजले. वारलेली बाई त्याच नावाची, पण दुसऱ्या वाडीवरची होती. तेव्हापासून मावशींना रेशनचा तांदूळ मिळालेला नाही. नाव पुन्हा चढवण्याचे त्यांचे चार अर्ज मीच भरले. त्या दिवसांत त्या घरी काय शिजवत होत्या, हे मी विचारले नाही. त्या सेंटरवर आल्या की माझ्या डब्यात एक भाकरी जास्त असे.

दि. १०/०१/२०२५ रोजी मी मावशींसोबत रेशनकार्डाच्या कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर गेले. तेथे क्लार्क कमळाकर विशे बसले होते. मावशी म्हणाल्या, "सायेब, बघा ना, मी ही उभी हाय." त्यावर विशे साहेब म्हणाले, "बाई, तुमी जित्या हायत ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाय. सोमवारी या." आम्ही परत आलो.

दि. १२/०१ रोजी, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास ग्रुपवर चर्चा चालू होती की, गेममध्ये मेलेला माणूस पाच सेकंदांत उठतो, त्यामुळे मरायला कोणी घाबरतच नाही. मी गमतीने लिहिले, "माझ्या नव्या मोडमध्ये उठायच्या आधी जिवंत असल्याचा दाखला आणावा लागेल." आसनगावच्या मंगेशने विचारले, "फोटो किती?" मी लिहिले, "तीन. त्यातला एक मेल्यानंतरचा." त्याने विचारले, "बंदुकीची झेरॉक्स?" मी लिहिले, "साक्षांकित." असा मोड करण्याचा माझा त्या वेळी कोणताही इरादा नव्हता. परंतु लोकांना ते खरे वाटले. पुढे चार दिवस मंगेश रोज लिहीत होता, "मनस्वी, मी रोज मरतोय गो, दाखला कुठाय?" म्हणून मी मोड तयार करून दि. १९/०१ रोजी ग्रुपवर दिला.

मोडमधील हकीगत अशी की, गोळी लागली की खेळाडू थेट एका खिडकीसमोर रांगेत उभा राहतो. आत स्वेटर घातलेला माणूस बसलेला आहे. तो फॉर्म देतो, फॉर्म भरला की तिथली शाई संपते. खिडकीवर गोळी झाडल्यास अर्ज बाद होतो. तिसऱ्या फेरीला तो म्हणतो, "तुमी जित्या हायत ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाय. सोमवारी या." आवाज मी स्वतः काढून जाड केला. नाव कोणाचेही घातले नाही. पहिल्याच रविवारी दोन्ही बाजूंचे सगळे खेळाडू रांगेत उभे राहिल्याने लढाई बंद पडली. रांगेत ते एकमेकांची गावे विचारत होते. त्यातल्या दोघांचे पाहुणे एकच निघाले.

दि. ०३/०२ रोजी सकाळी अकराच्या सुमारास विशे साहेब आमच्या सेंटरवर आले. लहानीमावशी पाचव्या अर्जासाठी बसलेल्या होत्या. साहेब मला म्हणाले, "तो खिडकीतला माणूस मी हाय." मी म्हणाले, "साहेब, नाव कुठंच नाय." ते म्हणाले, "वाक्य माझं हाय. माझी पोरगी नववीत हाय, ती बी हा गेम खेळते. मी पाणी मागितलं तर म्हणते, सोमवारी या." हे सांगताना ते खुर्चीवर बसले. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "वाक्य तुमचंच ना सायेब? मंग मी जिती दिसलेली, ते बी खरं ना?" साहेब उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी या पोलीस ठाण्यात बदनामीची लेखी तक्रार दिली.

आज रोजी मला बोलावल्यावरून मी मावशींना घेऊन हजर झाले. विशे साहेबही आलेले होते. महिला पोलीस हवालदार अनिता भोईर यांनी तक्रार वाचली. त्यात "लहानी लखमा वाघ या माझ्यासमोर उभ्या असताना" असे शब्द आले, तेव्हा मावशींनी हात वर केला.

"समोर उभ्या, असं लिवलंय?"

"होय," हवालदार मॅडम म्हणाल्या.

"खाली सायबाची सही हाय?"

"सही आहे. हुद्दा पण आहे."

"मंग त्याची झेरॉक्स मला द्या."

विशे साहेबांनी तक्रार मागे घेतो म्हणून सांगितले. मावशी म्हणाल्या, "नाय सायेब, मागं नका घेऊ. चार महिन्यांत माझ्याबद्दल कुणी खरं लिवलं ते तुमीच." ठाणे अंमलदार साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ते हसत होते की नाही, हे मी पाहिलेले नाही.

मग विशे साहेबांनी एक कोरा कागद मागितला. त्यावर, सदर महिला हयात असल्याची मी स्वतः खात्री केली आहे, असे लिहून त्यांनी सही केली आणि कचेरीत फोन लावला. फोनवर ते दोनदा जोरात बोलले. एक वाजून दहा मिनिटांनी मावशींचे नाव कार्डावर परत चढल्याचे पलीकडून कळवण्यात आले.

मोडमधील ते वाक्य मी राजीखुशीने काढून टाकत आहे. वाक्य काढले तरी माणूस राहू द्यावा, फक्त त्याने एकदा तरी "झालं तुमचं काम" असे म्हणावे, अशी विनंती विशे साहेबांनी केली. ती मी मान्य केली आहे. त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. माझीही त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

हा जबाब हवालदार अनिता भोईर यांनी मराठीत मोठ्याने वाचला. मी सांगितले तेच त्यात उतरले आहे, म्हणून सही करते. मावशी बाकावर बसून ऐकत होत्या. नाव परत चढले ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. ती पुन्हा वाचण्यात आली.