पहिल्या घाण्याचं त्रैराशिक

बसा मंडळी, बसा. बुक्का लावून झाला, हार घालून झाला, आता जरा सैल बसा. पूर्वरंगात बुवांनी बराच वेळ तुम्हाला वर, ढगांत फिरवून आणलं. आता खाली उतरू. चुलीपाशी जाऊ!

आज पुढच्या दोन रांगांत सातवी-आठवीची पोरं बसली आहेत. मुख्याध्यापिका बाईंनी मला निरोप धाडला होता — बुवा, आख्यान असं लावा की पोरांच्या गणिताच्या उपयोगी पडेल. मी म्हटलं, बाई, कीर्तनात गणित? तर म्हणाल्या, तुमचा टाळकरी मात्रा मोजतो ना, मग? — आता यावर काय बोलणार! टाळकरी मोजतो की नाही ते त्याचं त्याला माहीत.

तर मंडळी, ऐका. प्रश्न असा आहे. एखादं चांगलं काम पहिल्या दिवशी आपल्याला जेवढं जड जातं, तेवढंच ते रोज जड जाणार असतं का? नीट विचार करा. पहाटे उठायचं ठरवता. पेटी शिकायची ठरवता. पहिल्या दिवशी जीव मेटाकुटीला येतो, आणि तुम्ही लगेच मनात गुणाकार करता — एका दिवसाला एवढा त्रास, तर वर्षाला किती? उत्तर येतं भलंमोठं. आणि माणूस पांघरूण ओढून झोपतो! हा गुणाकार बरोबर का चूक, एवढंच आज बघायचं.

समुद्राच्या अंगाला डोंगरात खैरपाट नावाचं गाव. घरं मोजून एकवीस, आणि टेकडीवर गणपतीचं देऊळ. माघातल्या चतुर्थीला तिथे गणेशजन्म. बरोबर बाराला शंख वाजायचा, आणि शंख वाजायच्या आत मोदकांचा नैवेद्य गाभाऱ्यात पोचायचा. हा नैवेद्य करायचा मान दर वर्षी एका घराचा. एकवीस घरं, म्हणजे तुमच्या घराची पाळी परत केव्हा यायची? — अरे सांगा की! — एकवीस वर्षांनी, शाबास.

मोदकही मोजूनच. घरटी आठ. ते उकडायचे एकाच पात्रात. तांब्याचं, दोन माणसांनी उचलावं असं मोठं. ते पात्रसुद्धा पाळीबरोबर घरोघर फिरायचं. त्यात एका वेळी एकवीस मोदक मावायचे, म्हणजे एक घाणा. असे आठ घाणे झाले की नैवेद्य पुरा. आणि पिठाला, मोदकाला मानाच्या घराबाहेरचा हात लागायचा नाही, हा रिवाज.

त्या वर्षी पाळी आली शेवंताबाई मांडवकरणीची. गेल्या पाळीला तिनंच मोदक केलेले, आणि त्या मोदकांच्या पाकळ्यांचं कौतुक गावात अजून चाललेलं. बाई वर्षभर तयारीत होती. आणि आदल्या दिवशी काय व्हावं? नारळ आणायला माडीवर गेली आणि शिडीवरून घसरली. उजवा हात प्लास्टरात!

आता घरात उरलं कोण? थोरली सून परगावी नोकरीला, राहिली धाकटी सून रेवती. लग्नाला वर्ष नाही झालेलं, आणि माहेर घाटावरचं, सांगलीकडचं. तिकडे मोदक तळणीचे. उकडीला तिनं जन्मात हात लावलेला नव्हता. शेजारच्या गोदाकाकू ओटीवर येऊन हळहळून गेल्या, की घाटावरच्या पोरीला पाकळी कुठची जमायला! देवळाचे पंच तात्या सांगून गेले, शेवंते, वाईट वाटून घेऊ नको, पेढ्यांचा नैवेद्य दाखवू, देव काही रागावत नाही.

देव नाही हो रागावत! पण शेवंताबाईच्या जिवाला काय वाटलं असेल? तिनं साठी ओलांडलेली. पुढची पाळी एकवीस वर्षांनी. रेवतीनं सासूचा चेहरा बघितला आणि पदर खोचला. म्हणाली, आई, तुम्ही पाटावर बसून सांगा, हात माझे.

पहाटेपासून सासू सांगते आहे, सून करते आहे. पहिली उकड गाठीची झाली, ती बाजूला सारली. दुसरी जमली. मोदक वळता वळता वेळ गेला, पण सगळे वळून झाले आणि ओल्या पंच्याखाली झाकून ठेवले. पाकळ्या काही वाकड्या, काही सरळ. पण मोदक मोदकासारखे दिसत होते!

मग चूल पेटवली. घड्याळात नऊ वाजलेले. पात्रात पाणी, जाळीवर एकवीस मोदक, वर झाकण. घड्याळापाशी कोण? शेवंताबाईची नात, थोरल्या मुलाची मुलगी मनवा. सातवीत. नुकतंच शाळेत त्रैराशिक शिकलेली! आणि मंडळी, नवीन शिकलेलं गणित म्हणजे नवीन चप्पल. अंथरुणातही काढवत नाही.

पहिला घाणा उतरला नऊ चाळीसला. मनवानं बोटांवर मोजलं. एका घाण्याला चाळीस मिनिटं, तर आठ घाण्यांना किती? तीनशे वीस! म्हणजे पाच तास वीस मिनिटं. म्हणजे शेवटचा घाणा उतरणार दोन वाजून वीस मिनिटांनी. आणि शंख बाराला!

हे तिनं मोठ्यानं सांगितलं. खरं म्हणजे शेवंताबाईचं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. पण कागदी उत्तर समोर आलं की माणसाचा अनुभव गप्प बसतो. त्यात हाताला ठणका, रात्रभर झोप नाही. बाईनं डोळ्यांना पदर लावला. धाकट्या मुलाला, सुहासला, हाक मारली आणि सांगितलं, गाडी काढ, बाजारातनं पेढे घेऊन ये. मग सुनेकडे बघून म्हणाली, "राहू दे गो बाय. तू केलंस, मला पोचलं."

सुहास गेला. मनवा कोपऱ्यात जाऊन बसली. तिचं गणित बरोबर होतं असं तिला वाटत होतं, आणि त्याच गणितानं आजी रडली होती.

पण रेवती! घाटावरची! तिनं न बोलता दुसरा घाणा पात्रात लावला. वळलेले मोदक कच्चे ठेवायचे का, घरात तरी खाऊ, असं काहीसं पुटपुटली आणि विस्तव आत सारला.

आणि दुसरा घाणा उतरला केव्हा? नऊ पंचावन्नला! पंधरा मिनिटांत!

मनवानं घड्याळ बघितलं. परत बघितलं. घड्याळ पुढे गेलं की काय? तिसरा घाणा लागला, उतरला — दहा वाजून दहा. पुन्हा पंधराच मिनिटं. पोरगी उठली. सांडलेली तांदळाची पिठी चिमटीत घेतली आणि फरशीवर, रांगोळीचे ठिपके देतात ना, तसे ठिपके द्यायला लागली. कोपरा धरला. उजवीकडे एक वीत म्हणजे एक घाणा. वरती एक बोट म्हणजे पाच मिनिटं, नऊपासून मोजलेली. पहिला घाणा चाळीस मिनिटं, म्हणून एक वीत उजवीकडे, आठ बोटं वर — ठिपका! दुसरा पंचावन्नवर, म्हणजे दोन विती, अकरा बोटं — ठिपका! तिसरा सत्तरवर, तीन विती, चौदा बोटं — ठिपका! आणि तिन्ही ठिपके एका ओळीत! मधे पिठीची रेघ ओढली तर अगदी ताठ.

आता पुढच्या रांगेतल्यांनो, ऐका. दर घाण्याला तीन बोटं वर. आठ, अकरा, चौदा. मग पहिल्या ठिपक्यापासून एक वीत मागे आलो तर किती बोटं? — आठातून तीन गेले? — पाच! पाच बोटं म्हणजे पंचवीस मिनिटं. म्हणजे रेघ कोपऱ्यातून निघतच नव्हती! कोपऱ्याच्या पाच बोटं वरून निघत होती. घाणे शून्य, मोदक एकही नाही, आणि पंचवीस मिनिटं गेलेली! कुठे गेली रे ती?

"पाणी तापायला!"

वा! कोण बोललं? उभा राहा जरा, लोकांना बघू दे. — बरोबर आहे बाळा. पाणी तापायला. तेवढं थंड पाणी, तेवढं मोठं पात्र! पंचवीस मिनिटं ती एकदाच. त्यानंतर घाण्याला पंधरा. मनवानं तापायची पंचवीससुद्धा आठदा मोजली होती! तिला पाढा येत होता, गुणाकार चोख होता. पण ज्याला गुणायचं नव्हतं त्यालाही तिनं गुणलं.

पंचवीस अधिक आठ वेळा पंधरा — एकशे पंचेचाळीस. नऊपासून मोजलं तर अकरा पंचवीस. देवळाची चढण पाव तासाची. पोरगी धावत पाटापाशी गेली आणि आजीचा बरा हात धरून म्हणाली, "आजी, माझं गणित चुकलं. मोदक होतात!"

आपलं चुकलं हे इतक्या आनंदानं सांगणारं माणूस तुम्ही कधी बघितलंत? आमच्याकडे तर चुकलेला माणूस पहिलं घड्याळ बंद पडलंय म्हणतो. शेवंताबाई उठून चुलीपाशी आली. पात्राजवळ कान नेला, आतली वाफ ऐकली आणि सुनेला म्हणाली, जाळ मोठा ठेव, मोडू देऊ नको.

चौथा घाणा उतरला. पाचवा उतरला. ठिपके रेघेवर येऊन बसताहेत, शहाण्या मुलांसारखे! आणि तेवढ्यात गोदाकाकूंना माया आली. मोदकाला हात लावता येत नाही, मग पाण्याला तरी लावू म्हणून त्यांनी काय केलं? पात्रातलं पाणी कमी झालेलं बघून अख्खी कळशी ओतली. विहिरीच्या थंड पाण्याची!

वाफ बसली. पात्र मुकं झालं. सहावा घाणा नुसता वाट बघत राहिला. दहा मिनिटं गेली परत तापण्यात! रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं, गोदाकाकू हात जोडून उभ्या. मनवानं सहावा ठिपका दिला तो रेघेच्या दोन बोटं वर गेला. मग सातवा — सहाव्यापासून पुन्हा तीनच बोटं! चढ तोच होता, फक्त रेघ उचलून वर ठेवल्यासारखी झाली होती. मनवानं मोजलं आणि रेवतीला म्हणाली, "काकू, रडू नकोस. दहाच मिनिटं गेलीत. अकरा पस्तीसला होतंय." रेवतीनं डोळे पुसले आणि यापुढे पात्रात घालायचं पाणी वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, आधी उकळत ठेवलं.

अकरा पस्तीसला आठवा घाणा उतरला. ताट सजलं. शेवंताबाईनं ताट घेतलं नाही, तिला एका हातानं घेताही आलं नसतं. पण दुसरं कुणी पुढे होण्याच्या आत तिनं ते रेवतीच्या डोक्यावर ठेववलं. चढणीवर पुढे सून, मागे सासू, मधे नात. देवळाच्या दारात सुहास घामाघूम, हातात पेढ्यांचा पुडा! ते पेढे नंतर पोरांनी फस्त केले, पोरांना कसलं त्रैराशिक.

शंख वाजला तेव्हा नैवेद्य गाभाऱ्यात होता. तात्यांनी मोदक उचलून बघितला. एक पाकळी जाड, एक बारीक. म्हणाले, शेवंते, हा तुझ्या हातचा नव्हे. सगळं गाव ऐकत होतं, रेवतीनं मान खाली घातली. शेवंताबाई म्हणाली, "माझ्या घरचा आहे, तात्या. पुढच्या पाळीला हीच पाटावर बसेल आणि सांगेल कुणाला तरी."

रेवतीला मग रडू आवरलं नाही. आणि कुणी तिला आवर म्हटलंही नाही.

मंडळी, हे गणित नुसतं मोदकाचं नाही हो. रिक्षात बसल्याबरोबर मीटर कुठून सुरू होतं? शून्यापासून? नाही! बसल्याचं आधी, मग अंतरागणिक. मांडवातल्या त्या खुर्च्यांची चळत बघा. तळाची खुर्ची पूर्ण उंचीची, पुढची प्रत्येक तेवढीच थोडी वर. उद्या शाळेत जाताना अशी एक रेघ शोधा. दर पावलाला सारखी चढते का बघा, आणि निघते कुठून ते आधी बघा. बरं, सगळंच सरळ रेघेत जात नाही, हेही सांगून ठेवतो. पहिला मोदक खाताना होतो तो आनंद आणि एकविसाव्याचा आनंद सारखा असतो का? आमच्या पेटीवाल्यांना विचारा. एकविसाव्याला ते पोट धरून बसतात!

आणि मोठ्यांनो, मागे भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हाला कुठे सोडतो! तुम्ही पहिल्या दिवशी नाम घ्यायला बसलात. मन थंड होतं, पाण्यासारखं. पंचवीस मिनिटं त्याला तापण्यातच गेली, आणि तुम्ही म्हणालात, बुवा, एवढा वेळ रोज कुठचा? त्या दिवशी तुम्ही मनवाचंच गणित मांडलंत. फरक एवढाच की तिनं दुसरा घाणा होईपर्यंत थांबून बघितलं. तुम्ही पेढे आणायला गेलात! आणि कुणी चार दिवस बसतो, मग आठवडाभर कळशी ओततो, आणि म्हणतो वाफच धरत नाही. कशी धरेल?

ओवी माझीच आहे, चाल पेटीवाल्यांची. म्हणा माझ्यामागे —

पहिला ताप सोसावा एकदा ।
मग घाण्यावरी घाणा सदा ।
विझो न द्यावा कदा ।
विस्तव आतला ॥

आज घरी जाल तेव्हा एक करा. जे काम पहिल्याच दिवशी कठीण गेलं म्हणून सोडलंत, ते आठवा. प्रत्येकाचं एक तरी असतंच. माझं नका विचारू, पेटीवाल्यांना ठाऊक आहे. त्या कामाचा फक्त दुसरा घाणा लावून बघा. एवढं मागतो आणि टाळ खाली ठेवतो. चुलीत जाळ राहो, पात्रात वाफ राहो, आणि देवाच्या दारी तुमचं ताट वेळेवर पोचो!