फोटोत जंगल लाल दिसते

मी चंद्रपूरकडची, जंगलाच्या काठावरच्या गावातली. बाप वनमजूर, माय मोहफुलं वेचायची, अन् उन्हाळा लागला का लोक झाडाखालचा पाला पेटवून द्यायचे, फुलं साफ दिसावी म्हणून, मग ती आग जंगलात घुसली का बाप हिरव्या डहाळ्या घेऊन तिले झोडपायले धावायचा. मी भूगोलात एम.ए. केलं, लग्न झालं, नवरा बँकेत, त्याची बदली लखनौले झाली म्हणून मी इथं आली. काय सांगू तुमाले, आली ते अडकलीच.

इथं एका सरकारी ऑफिसात लागली, उपग्रहाच्या फोटोंवरून जंगल पाहायचं काम. कोणतं अभयारण्य उन्हाळ्यात कुठं जळलं ते नकाशावर काढायचं. कॉम्प्युटरच्या मशीनसाठी खोली थंडगार, पडदे ओढलेले, बाहेर लू, म्हणजे गरम झळांचा वारा चाललेला. त्या फोटोत डोळ्याले न दिसणारा उजेड धरलेला असते, म्हणून हिरवं जंगल लाल दिसते. नवीन माणूस पाहून घाबरते, म्हणते अरे सब जल रहा है, अन् मी म्हणते नहीं भैया, लाल म्हणजे जितं, जळालेलं काळं दिसते. पण आग लागली अन् लगेच आमाले दिसली, असं समजू नका. उपग्रह वरून जाणार, हैदराबादेत फोटोंची टेप भरणार, मग ती रेल्वेनं इथल्या चारबाग स्टेशनात येणार, तोवर आग विझून राखही उडून गेलेली.

एका मे महिन्यात आमच्या चंद्रपूरकडच्या अभयारण्याचा फोटो आला. माझा धाकटा भाऊ मधू तिथं वनरक्षक. त्याच्या राखणीच्या बीटमधला नाला मी ओळखला, लहानपणी तिथं खेकडे धरले होते ना आम्ही, अन् नाल्याच्या दोन्ही अंगाले काळं. मधूची खबर बरेच दिवस नव्हती. सायबाले म्हटलं मले गावी जायचं आहे, ते म्हणे मॅडम, पहले रिपोर्ट भेज दीजिए, फिर जाइए. घरी सासूबाई अर्धांगानं खाटेवर, कूस बदलायलेही माणूस लागते, नवरा म्हणे तू गेली तर आईचं कोण करीन. त्याचंही खोटं नव्हतं. निशातगंजच्या एसटीडी बूथवर रोज उभी राहायची, रेंज ऑफिसची लाइन लागायची नाही, बूथवाला म्हणे भाभीजी, कल आइए. अन् दिवसभर ऑफिसात तोच काळा डाग मोठा करून त्याची कड आखत बसायची. मधू त्या कडेच्या आत का बाहेर, ते फोटोत दिसत नाही.

लाइन लागली तवा मधूच फोनवर आला. म्हणे ताई, आग दोन्हीकडून आली, मी अन् दोन मजूर नाल्याच्या ओल्या रेतीत पालथे पडून राहिलो, जीव वाचला, हात भाजले. मी रडली. रडता रडता सांगून बसली का मले फोटोत दिसलं होतं. तो म्हणे, दिसलं होतं तर सांगितलं काऊन नाही? मी म्हटलं बाबू, फोटो उशिरा येते. तो म्हणे, मग पाहून काय फायदा?

त्याचं ते बोलणं डोक्यातून जाईना. मग जुने फोटो काढले, दरसाल कुठं पेटते ते पाहिलं, अन् सायबाच्या मागं लागून हिवाळ्यातच नकाशा तिकडं पाठवला, का इथं गवत कापून आधीच जाळरेषा काढा. सायबानं सही केली, माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्यात मधूचा फोन आला, ताई, नकाशा मिळाला, रेषा काढली, पण मजूर कमी होते, अर्धीच झाली. जिथं झाली तिथं आग थांबली. बाकीचं गेलं.

सासूबाई अजून खाटेवरच आहेत. आता इथंच इंदिरा नगरात घर घेतलं, पोरगी इथंच झाली, तिले मराठी समजते पण बोलते हिंदीत. मधूची बोटं पुरती मिटत नाहीत, तरी उन्हाळाभर जंगलातच राहते तो. म्हणते ताई, ये ना एकदा, मी म्हणते येईन, अन् मग दोघंही दुसरंच काही बोलतो. सध्या एप्रिल चालू आहे. आज तिकडं पेटलं असलं तर मले पुढच्या महिन्यात समजीन. तोवर तो सुखरूप असो, एवढंच रोज सकाळी म्हणते, अन् मशीन चालू करते.