चार ग्रॅम जड

खोटं बोललात तुम्ही!

हो, तुम्हालाच म्हणतोय. पुढं गादीवर बसलात, लोडाला टेकून, गळ्यातला हार अजून काढलेला नाही, त्या तुम्हाला! नाव घेत नाही. देवाच्या दारात नाव देवाचंच घ्यायचं. पण तासाभरापूर्वी, याच मांडवात, माईक हातात धरून तुम्ही म्हणालात, "आपल्या गावचं आरोग्य केंद्र सर्व सोयींनी सज्ज आहे." खोटं! आठ महिन्यांचं जुनं खोटं!

मंडळी, चुळबुळ करू नका. बसा. टाळकरी, एकमेकांकडं बघू नका, माझ्याकडं बघा.

मला सकाळी निरोप आला: बुवा, आज अंतराळावर बोला. आपल्या गावच्या कारखान्यात जी झडप होते ती माणसाबरोबर आभाळात जाणार आहे, तर लोकांना अभिमान वाटेल असं काहीतरी आख्यान लावा. बरं! लावतो की! देवाचा पत्ता सगळे वरचाच सांगतात, तेव्हा विषय काही माझ्या हद्दीबाहेरचा नाही.

तर प्रश्न असा. माणूस आभाळात पाठवायचा, त्यासाठी तुमच्या-माझ्या खिशातला पैसा घालायचा — हे बरोबर का चूक? आगपेटी घेतली तरी आपण सरकारला कर देतो. त्या आगपेटीतल्या काड्या कुणी जाळायच्या? चुलीखाली, का अग्निबाणाखाली? उत्तर मी आत्ता देत नाही. पहिल्यांदा कथा. धरा रे—

<em>आत गेला, बाहेर आला, श्वासाचा या धनी कोण?</em>

मंडळी, ऐका! कथा जुनी नाही. मागच्या महिन्यातली आहे. आणि कथेतली माणसं इथंच बसलीत, त्यामुळं मला पदरचं घालायची सोय नाही.

तो तिथं तिसऱ्या खांबाला पाठ लावून बसलाय ना, तो श्रीपती पांचाळ. श्रीपतीआप्पा! मान खाली घालू नका. एकतीस वर्षं लेथवर उभा आहे हा माणूस. आणि बायकांच्या बाजूला, हिरव्या लुगड्यातल्या, त्या हौसावहिनी. आप्पांच्या थोरल्या भावजय. आप्पांची आई गेली तेव्हा आप्पा चार वर्षांचे. वहिनींनीच वाढवलं. आपलं पहिलं लुगडं फाडून याचा सदरा शिवला, असं त्या अजून चारचौघांत सांगतात, आणि आप्पा अजून लाजतात!

या वहिनींनी बावीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात वाळू चाळली. त्या वाळूचं काय होतं? अर्धी साच्यात जाते. थोडी छातीत जाते. गावात अशी वाळू भरलेली माणसं मोजा — तीस भरतील. आणि आपण काय म्हणतो? अभिमानानं छाती फुगली! अहो, या तिसांची फुगत नाही हो. जागाच नाही आत!

आता आप्पांचा कारखाना. तिथं दाब आवरणारी झडप करतात. नळकांड्यात ऑक्सिजन दाबून भरलेला असतो. तो एकदम सुटला तर माणसाची छाती फोडेल. ती झडप त्याला आवरते, हळूहळू, नाकाला झेपेल एवढाच सोडते. वर जाणाऱ्या माणसाचा श्वास या झडपेतून जाणार. म्हणून तिथली रीत कडक. प्रत्येक तुकड्याबरोबर एक पिवळं कार्ड. त्यावर तीन ओळी. पहिली सही तुकडा घडवणाऱ्याची. दुसरी तपासणाऱ्याची. तिसरी जबाबदार अधिकाऱ्याची. तीन सह्या झाल्याशिवाय तुकडा टेबलावरून हलत नाही! आणि तपासणीत बाद झालेला तुकडा त्याच दिवशी, दुपारी चारच्या भोंग्याला, ऐरणीवर ठेवून घणानं फोडायचा. का? चुकून चांगल्यात मिसळला तर वरचा माणूस गुदमरेल. एका माणसासाठी एवढं! वा! मला ऐकूनच रडू आलं होतं.

तपासणारे कोण? रशीद मुजावर. मुजावरसाहेब म्हणजे नवीन सुनेच्या भाकरीत खडा शोधणारी सासू! पंधरा वर्षांत बाद तुकडा गेटबाहेर गेला नाही. कारखान्याच्या मालकानं पेपरवेट म्हणून एक मागितला, तर साहेबांनी त्याच्यासमोर फोडला, आणि तुकडे झाडून झाल्यावर म्हणाले, "दगड ठेवा की टेबलावर. शिवारात पुष्कळ हायत."

तर त्या दिवशी तीनला आप्पांची पाळी सुटली. घरी आले, दार उघडं, वहिनी नाहीत. शेजारीण म्हणाली, "भाऊजी, वहिनींना धाप लागली. ओठ निळं पडलं. केंद्रावर नेलंय."

पळाले केंद्रावर!

केंद्रावर शेवंता सिस्टर. चांगली बाई, एकटी बाई. रुग्णवाहिकेला फोन झालेला, ती तालुक्याहून निघालेली, पाऊण तास लागणार. ऑक्सिजनचं नळकांडं आहे का? आहे! भरलेलं? भरलेलं! दोन आहेत! मग? मग वरचा रेग्युलेटर — तीच आपली दाब आवरणारी झडप — तो आठ महिने गच्च बसलेला. सिस्टरनी तीन अर्ज केले होते. तिन्हीला एकच उत्तर: बघू.

"बघू"चा मंत्र कोणाचा, ते विचारू नका. हार बघा.

केंद्राचा शिपाई महादू. जिवाला जीव देणारा. त्याला राहवेना. आता सांगा मंडळी, आपल्या गावात काही अडलं की आपण काय करतो? सायकलची साखळी अडली, तेल! कडी अडली, तेल! शिलाई मशीन अडलं, तेल! कचेरीतला कागद अडला तरी— जाऊ दे. महादूनं काय केलं? घरून मशीनच्या तेलाची कुपी आणली, रेग्युलेटर टेबलावर आडवा केला, आणि त्याच्या पोटात सोडली की धार! फिरवला, फिरवला, सुटला! महादूचं तोंड असं उजळलं! "सुटला सिस्टर, सुटला! लावतो आता!"

तेवढ्यात आप्पा दारात.

"हात काढ!" असे ओरडले की बाहेरची कुत्री पळाली. "महाद्या, हात काढ त्याच्यावरनं!"

"आप्पा, वहिनी चालली की हो! आन् तुमी वराडताय माझ्यावर?"

"तेल घातलंस व्हय रं त्यात?"

"मग काय तूप घालू?"

आप्पांनी तो रेग्युलेटर हिसकावला आणि खिडकीतून बाहेर! सिस्टरना वाटलं, माणूस दुःखानं फिरला. पण मंडळी, आप्पांना जे माहीत होतं ते त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ते काडीची वाट बघत नाहीत. आपोआप पेटतात! महादूनं तो नळकांड्यावर लावून चावी सोडली असती, तर महादू, सिस्टर, वहिनी, खाटेसकट… आपण आज तीन श्राद्धांची तारीख लावत बसलो असतो.

आता मला सांगा, आप्पांना हे कुठं कळलं? शाळेत? आप्पा सातवी नापास. केंद्रातल्या फलकावर? तिथं फलक आहे, पण त्यावर तुमचा फोटो आहे! आप्पांना कळलं त्या वरच्या कामात. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात, हात साबणानं धुवायचे, डोक्यालाही तेल लावून यायचं नाही. श्रीपतीआप्पांच्या डोक्याला सहा वर्षं तेल नाही! बायको म्हणायची, जोगी झाला. जोगी कसला, वरच्या माणसासाठी झाला!

मागच्या रांगेतले पाटील, जागे आहात ना? डोकं तरंगायला लागलं म्हणून विचारलं. ते अंतराळात तरंगतं, इथं मांडवात नाही. बसा नीट, कथेत आता चार वाजायला आलेत.

पावणेचार! वहिनींचा श्वास असा, तोंडातल्या तोंडात. आप्पा महादूच्या फटफटीवर, दोन कोस कारखाना. गेटवरून सरळ आत. ऐरणीवर एक झडप, त्या दिवशीची बाद. मुजावरसाहेबांनी घण उचललेला.

"साहेब, थांबा! ती मला द्या!"

"आप्पा, शुद्धीवर हायसा का? बाद माल हाय."

"का बाद झाला?"

"कार्डावर लिवलंय की. चार ग्रॅम जड."

"दाब धरतीया?"

"धरतीया. पर वर न्यायची म्हणजे ग्रॅमाग्रॅमाला—"

"साहेब, माझी वहिनी जमिनीवर हाय. तिला चार ग्रॅम जड होतंय व्हय?"

भोंगा झाला. चार! घण हातात तसाच. मंडळी, पंधरा वर्षांचा नेम आहे त्या माणसाचा. आपला असता, तर आपण एक तर "घेऊन जा बाबा, कुणाला सांगू नकोस" म्हणालो असतो, नाहीतर "नियम आहे" म्हणून घण घातला असता. मुजावरसाहेबांनी काय केलं?

घण खाली ठेवला. झडप उचलली. चाचणीच्या नळीला लावली आणि पुन्हा तपासायला बसले! आप्पा नाचायला लागले, "साहेब, सकाळी तपासलीया तुमीच! पाया पडतो!"

"सकाळी वरच्यासाठी तपासली. आता खालच्यासाठी तपासतो. बसा गप."

सहा मिनिटं! आप्पांनी त्या सहा मिनिटांत साहेबांना ज्या शिव्या दिल्या त्या मला येतात, पण कीर्तनात चालत नाहीत.

तपासणी झाली. साहेबांनी पिवळं कार्ड घेतलं. त्यावर छापलंय, "उड्डाणास योग्य". ते खोडलं. वर पेनानं लिहिलं, "जमिनीवरच्या माणसास योग्य". आप्पांनी सही केली. साहेबांनी सही केली. तिसरी ओळ? अधिकारी जागेवर नव्हता. रिकामी! साहेब म्हणाले, "दोन सह्यांवर माल सोडायचा नसतो. म्हणून मी संगं येतो. तिसरी सही म्हणून मीच उभा ऱ्हातो." आणि बसले की फटफटीवर मागं!

या झडपा जमिनीवरच्या चाचणीत साध्याच नळकांड्याला लावतात, त्यामुळं आटे जुळले. हात साबणानं धुतले. महादूचे पण धुतले, तो रडत होता. तेल न लागलेल्या नळकांड्यावर चढवली. साहेबांनी कान लावला. सुस्कारा नाही, गळती नाही. चावी सोडली, मुखवटा वहिनींच्या तोंडावर.

<em>आत गेला, बाहेर आला…</em>

मंडळी, ओठाचा निळेपणा जाताना मी बघितला. गलका ऐकून आलो होतो, दारातच उभा होतो. वहिनींनी डोळे उघडले. दिराकडं बघितलं. मुखवटा बाजूला सारून म्हणाल्या, "इतका येळ कुठं उंडारत हुतास रं?"

आणि मग साहेबांकडं वळून, "वर जायचाय त्या लेकराला सांगा, वारा ग्वाड लागतोय."

आता उत्तर. मी, खरं सांगतो, त्या दिवशी घरी जाऊन कागद घेऊन बसलो होतो. अग्निबाणाला शिव्या घालणारं आख्यान लिहायला. आप्पा आले. म्हणाले, "बुवा, तसं नका करू. वरचं काम नसतं तर मी बी त्यात तेलच घातलं असतं." तो कागद मी फाडला.

तेव्हा जे म्हणतात, आभाळ बंद करा, तो पैसा गरिबाला द्या, त्यांना मी विचारतो: आभाळात जात नव्हतो तेव्हा केंद्रात रेग्युलेटर होता काय? मी साठ वर्षांचा आहे. मी तरी बघितला नाही. माणसानं वर जावं! एका माणसाचा श्वास जपायला किती हात, किती डोळे, किती सह्या लागतात, हे देशाला त्या कामानं शिकवलं. ती शिकवणी महाग आहे. असू दे. पण फी सगळ्यांनी भरायची आणि शिकायचं वरच्यापुरतंच? तेल नको, हे दोन शब्द कारखान्यातून केंद्रात यायला दोन कोस होते, मंडळी! झडप आभाळात पोचते, आणि दोन शब्द दोन कोस चालत नाहीत? मग तो खर्च वाया गेला. वर नाही, इथं, या दोन कोसांत वाया गेला!

आणि तुम्ही टाळ्या वाजवलेल्यांनो, तुम्हीपण! केंद्रात आठ महिने जाऊन आलात. नळकांडं चालतं का, कोणी विचारलं? बॅनरला वर्गणी दिली, त्यावर स्वतःचा फोटो केवढा येतो ते मात्र बघितलं. मी विचारलं का? मीही नाही. धरा, माझाही कान धरा.

कथा अजून संपली नाही. आप्पांना आणि मुजावरसाहेबांना कारखान्याचा कागद आलाय. तुकडा सोमवारपर्यंत परत आणा, चारच्या भोंग्याला फुटेल. नियम आहे, आणि नियमाला मी नावं ठेवत नाही. पण साहेबांनी विचारून घेतलंय: केंद्र ज्यांच्या हाताखाली येतं त्यांनी तिसऱ्या ओळीत सही केली, यापुढं इथल्या श्वासाची जबाबदारी माझी असं लिहून दिलं, तर तुकडा केंद्रात राहील. आप्पा तुमच्या दारात तीनदा आले. तुम्ही म्हणालात, बघू.

आज शनिवार. सोमवारी ती फुटली की हौसावहिनी आहेत, छातीत वाळू भरलेले ते तीसजण आहेत, आणि महादूच्या कुपीत तेल आहे.

हे बघा पिवळं कार्ड. मघाशी आप्पांकडून घेतलं. दोन सह्या. एक सातवी नापास माणसाची. एक नेम मोडणाऱ्याची, जन्मात एकदा. तिसरी ओळ कोरी. हे पेन.

आरतीचं ताट तयार आहे. कापूर ठेवलाय. मी पेटवत नाही. लोकांना उशीर होतोय, मला कळतं. देवालाही होतोय. हार काढा, उठा, इथपर्यंत चार पावलं या. नाहीतर बसल्या जागेवरून, याच माईकवर, वहिनींच्या तोंडाकडं बघून सांगा—

सही करता का नाही? आणि नाही, तर का नाही?