गुण आल्याची खूण

“हॅलो?… कोण, यॉन-सिल?… अगं मोठ्याने बोल जरा, इथे बाजार भरलाय.”

जॉन्जूच्या जुन्या बाजारात इम-सुनचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. सकाळचे दहा वाजले होते आणि ती कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून मुळ्याच्या फोडींना तिखट चोळत होती. फोन डोक्याच्या फडक्यात कानाशी खोचलेला. धाकट्या बहिणीचा फोन आला की तिचे हात नेहमीपेक्षा जोरात चालत. मुळ्याला ते मानवत असे.

“बोल… हो, हो, ऐकतेय… चांगली बातमी? तुझ्याकडे?… कसली खूण?… अच्छा, प्यो साहेब म्हणाले. मग काय, झालंच.”

प्यो साहेब म्हणजे यॉन-सिल राहते त्या गुनसानमधल्या एका ‘अनुभव केंद्रा’चा मॅनेजर. तिथे रोज सकाळी चाळीसएक म्हाताऱ्या गरम दगडांच्या गाद्यांवर फुकट लोळतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात आणि महिन्या-दोन महिन्यांत एकेक गादी विकत घेऊन आपापल्या घरी नेतात. प्यो पस्तिशीचा, गुळगुळीत, समोर येईल तिला ‘आई’ म्हणणारा. इम-सुनच्या हिशेबाने आजवर त्याला तीनशे तरी आया झाल्या असाव्यात आणि त्यातली खरी कुठल्या गावाला असते हे त्याला विचार करून सांगावं लागत असावं. यॉन-सिलला आतड्याचा कॅन्सर निघाल्याचं कळलं तेव्हा तो नासपतीची पेटी घेऊन भेटायला आला आणि जाताना गादी अंथरून गेला.

“अगं ऐक ना… ऐक. शेकाला मी कधी नाही म्हटलं? तुझ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीच सांगितलंय ना, केमोच्या जोडीला आठवड्यातून दोनदा?… मग ते घे की. तासभर, मशीनखाली, पोटापुरतं, नर्स शेजारी उभी. कोण अडवतंय?… पण हा प्यो डॉक्टर कधी झाला? परवापरवापर्यंत मसाजच्या खुर्च्या विकत होता… नसेल विकत. मला आपलं तसंच आठवतंय.”

असल्या गाद्या-काढे विकणाऱ्यांकडे ‘म्योंगह्यॉन’ म्हणून एक शब्द आहे. औषध लागू पडायला लागलं की आधी माणसाला थोडा त्रास होतो, असा त्याचा जुना अर्थ. विकणाऱ्याच्या हाती असा शब्द पडला की त्याला दुसरं भांडवल लागत नाही. बरं वाटलं तर मालाचा गुण, आणि बिघडलं तर गुण येत असल्याची खूण. इम-सुनने बहिणीपुढे आजवरच्या खुणांची जंत्री वाचली. अळंब्याचं पाणी पिऊन अंगभर पित्त उठलं, ती पहिली. पाल्याची वाफ घेताना चक्कर येऊन पडली आणि पुढचा दात गेला, ती दुसरी. हरणाच्या शिंगाच्या काढ्याने आठवडाभर जुलाब, ती तिसरी. एवढ्या खुणा येऊन गेल्या, गुण नेमका कुठल्या गाडीने निघालाय, असंही तिने विचारलं.

“थांब हां, गिऱ्हाईक आलंय… काकू, कमळकाकडी आजची आहे. पाव किलो?… घ्या… हं, बोल. या खेपेला काय? दात तर तो आधीच गेलाय… अंग गरम? बरं मग? तापलेल्या दगडांवर झोपल्यावर अंग गरम होणार नाही तर काय बर्फ पडणार?… काय?… परत सांग… तू गादीवर नाहीसच?”

इम-सुनचे हात थांबले.

“मग कोण आहे गादीवर?… गी-चॉल. कंबर दुखते म्हणून. नवरा गादीवर आणि तू सोफ्यावर… परवापासून. आणि तरीही अंग गरम… आपोआप… हो, ‘शरीर स्वतःची उष्णता स्वतः बनवायला लागलं, आता कॅन्सर जळणार.’ हे वाक्य तुझं नाही, त्याचं आहे, शाळेत तुला दोन ओळी पाठ होत नव्हत्या… मोजलीस का?… मोजलीस का एवढंच विचारतेय… किती?… अडतीस पॉइंट सहा.”

मोठी बहीण घाबरलीय हे कळलं की यॉन-सिल रडायला बसते आणि एकदा बसली की लवकर उठत नाही, हे इम-सुनला साठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून तिने तुसडा सूर सोडला नाही. उलट थोडा वाढवलाच.

“केमो कधी झाली?… मला माहीत आहे. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय… शुक्रवारी. आज मंगळवार. मधे एक शुक्रवार येऊन गेला. मोज बोटांवर… अकरा. बरोबर… आणि तू अशी अडखळत का बोलतेयस? तोंडात काही आहे का?… दात वाजतायत. थंडी वाजतेय तुला. पांघरलंयस काय?… दोन रजया. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. शाब्बास त्याची… तापाची गोळी? नाही घेतलीस ना, उष्णता मोडेल म्हणून?… नाही, आता मी विचारलं म्हणून गोळी घेऊही नकोस. काय द्यायचं ते डॉक्टर बघतील… उठ आता… उठ म्हणतेय… फ्रिजपर्यंत चालत जा. फोन बरोबर ने… मी गेल्या महिन्यात एक पिवळा कागद लावला होता, हॉस्पिटलचा. दिसतोय?… का नाही दिसत? कशाखाली गेला?… कॅलेंडर. कुणाचं कॅलेंडर?… अनुभव केंद्राचं. मग काय दिसणार. ओढ ते… फाटू दे… आता वाच. मोठ्याने… पुढची ओळ… ‘अडतीस किंवा त्याहून जास्त.’ पुढे?… ‘दिवस असो, रात्र असो, वाट न पाहता.’ असं लिहिलंय ना? का मी आपल्या मनाचं सांगतेय?… नाही, त्यात म्योंगह्यॉनबद्दल काही नसेल. कागद छापण्याआधी त्यांनी प्यो साहेबांना विचारायचं राहून गेलं.”

यॉन-सिल तरी वाद घालत राहिली. मग इम-सुनने आवाज खाली आणला आणि सगळं एकदाच, सरळ सांगितलं. केमोने अंगातल्या पांढऱ्या पेशी खाली आणल्यात. आता एखादा साधा जंतू शिरला तरी त्याला अडवायला आत कोणी नाही, आणि हा ताप बहुधा तो शिरल्याची वर्दी आहे. कॅन्सर जळत नाहीये, रात्रीपर्यंत तूच संपशील. हे नर्सने दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा यॉन-सिल मान डोलावत होती आणि इम-सुन लिहून घेत होती.

“चौथी केमो लांबेल म्हणतेस? लांबू दे. केमो कुठे पळून जात नाही… ते मला सांगू नकोस. गी-चॉलना उठव… झोपलेत? मग जागं कर. फोन दे… गी-चॉल? मी इम-सुन बोलतेय… ते नमस्कार-बिमस्कार राहू दे. कंबर कशी आहे?… छान. तिच्यासाठी आणलेली गादी घरात कोणाच्या तरी कामी आली. आता नीट ऐका. अँब्युलन्स बोलवा, आत्ता… बसने? बसमध्ये चाळीस माणसं खोकत असतात, त्यांच्यात नेऊन बसवणार तिला?… कोणाला विचारून?… प्यो साहेबांना.”

समोर एक बाई मुळ्याचा डबा हातात धरून उभी होती. तिला इम-सुनने तिखटाने लाल झालेल्या हातमोज्याने थांबायची खूण केली.

“विचारा ना. आधी अँब्युलन्सला फोन करा, ती येईपर्यंत पाच-सात मिनिटं मिळतील, त्यात विचारा. आणि हेही विचारा, की ती गेली तर खांदा द्यायला तो येणार आहे का, की त्या दिवशी दुसऱ्या आईकडे असेल… नाही, मी चिडलेली नाही. चिडले की मी कशी बोलते ते तुम्ही अजून ऐकलेलं नाही… तुमच्या फोनवरून करा. हा चालू राहू दे. तिच्या हातात द्या.”

पलीकडे गी-चॉल अँब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगताना ऐकू येऊ लागला.

“हं, मी आहे… हा माणूस तिसरा मजला का सांगतोय? चौथा ना तुमचा?… मग ओरड की त्याच्यावर, माझ्यावर काय ओरडतेस… सांगितलं? बरं. ओळखपत्र घे. औषधांची यादी घे. मोजे घाल… आता का रडतेस?… काय?… हळू बोल, कळत नाहीये…”

जे कळलं ते असं की गेले सहा महिने यॉन-सिल मोठ्या बहिणीला फोन करायची तो काहीतरी वाईट सांगायलाच. गाठ निघाली, वाढली, केस गेले, वजन गेलं. आज सकाळी पहिल्यांदा चांगलं काहीतरी सांगण्यासारखं हाती लागलं होतं, म्हणून तिने नवऱ्याला उठवायच्याही आधी हा फोन लावला होता.

इम-सुनने घमेल्यातल्या मुळ्याच्या फोडी उगाचच एका बाजूला ओढल्या. डबा धरलेली बाई कंटाळून दुसऱ्या पायावर उभी राहिली.

“कळलं,” इम-सुन म्हणाली. “कळलं गं… तू फोन केलास ते बरं केलंस. नुसता प्योला करून गप्प पडून राहिली असतीस तर?… हं… मी निघतेच आहे. दहा-चाळीसची बस मिळेल… माझ्या दुकानाची काळजी तू करू नकोस… बेल वाजली का?… मग दार उघडायला सांग त्यांना. मास्क लाव… काय होतंय म्हणून विचारतायत ना?… सांग… मी कशी सांगू? मी पन्नास किलोमीटरवर तिखटात हात घालून बसलेय. तू सांग… नाही, ‘जरा गरम वाटतंय’ नको… ‘खूण’ तर अजिबात नको, हॉस्पिटलात त्या नावाचा वॉर्ड नाहीये… शब्द माहीत आहे तुला… ताप म्हण, यॉन-सिल. ताप आलाय, केमो होऊन अकरा दिवस झालेत… हं… अजून एकदा. मला नाही, त्यांना ऐकू जाईल असं.”

यॉन-सिलने ते म्हटलं. पलीकडे लगेच धावपळ सुरू झाली, कोणीतरी भराभर आकडे बोलू लागलं, आणि त्यातच कोणाच्या तरी हाताने फोन बंद झाला.

इम-सुनने हातमोजे उलटे सोलून काढले, मुळ्याच्या घमेल्यावर फडकं टाकलं आणि शटरला हात घातला. डबेवाल्या बाईला तिने शेजारच्या दुकानात जायला सांगितलं. तिथलं सगळं खारट असतं, हे सांगायचं ती तेवीस वर्षांत पहिल्यांदाच विसरली.