पाचवं विशेषण

(परळच्या एका चाळीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. रविवार, दुपारचे चार.)

मानसी : आजोबा, मानपत्रात 'गर्विष्ठ' नाही चालत.

शामराव : का? 'ग'च आहे की.

मानसी : 'ग' आहे, पण सत्कार आहे ना. सहाला कार्यक्रम, त्याआधी मला प्रिंट काढून फ्रेम करून आणायचीय. आतापर्यंत तुम्ही काय काय सांगितलंय, वाचू? गर्विष्ठ, गबाळा, गुर्मीखोर, गलेलठ्ठ.

शामराव : गलेलठ्ठ खोड. हल्ली वाळलाय तो.

मानसी : म्हणजे बघता तुम्ही गुणाजीआजोबांकडे.

शामराव : गॅलरी सामाईक आहे. डोळे मिटून चालू का?

कमळाबाई : मिटून चाललात तरी त्यांच्याच दारात जाऊन पडाल. भिंतीला भिंत आहे.

मानसी : आजी, तूच सांग यांना. साधे शब्द आहेत ना? गुणवंत, गंभीर, गोड...

शामराव : गुणवंत एकोणनव्वद साली तळमजल्यावरच्या गंगाबाईंना गेलं. गंभीर गेलं पोस्टातल्या गोपीनाथला. गोड कुणाला दिलं ते आठवत नाही, पण दिलंय. एकदा दिलेलं परत द्यायचं नाही. आपल्या चाळीच्या वाचनालयाचा नियम आहे. पंच्याहत्तरी झाली किंवा चाळ सोडून चालला, की त्या माणसाला मानपत्र. नावाच्या पहिल्या अक्षरानं पाच विशेषणं.

मानसी : कोणी केला असला नियम?

कमळाबाई : बसलेत की तुझ्यासमोर. मिल बंद पडली, हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले, आणि तेव्हापासून या घरात साखर कमी नि शब्द जास्त. पाचव्याचं सांगा तिला.

शामराव : चार शोभेची. पाचवं खरं.

मानसी : म्हणजे पहिली चार खोटी?

शामराव : शोभेची म्हणालो. हार घालतो ना आपण, तसं. पण एक शब्द असा पाहिजे, की ऐकल्यावर अख्खी चाळ म्हणेल, हो, हा तोच माणूस.

मानसी : आणि तुमच्या पंच्याहत्तरीला? तुमचं तुम्हीच लिहिलं?

कमळाबाई : विचारलंस एकदाचं.

शामराव : मला जरा पाणी दे.

कमळाबाई : घ्या पाणी. स्वतःचं स्वतः लिहायचं नाही, हाही नियम यांचाच. म्हणून गुणाजीभावजींनी लिहिलं. शिस्तप्रिय, शीलवान, शब्दप्रेमी, शूर. इथपर्यंत यांची मान ताठ. पाचवं, शीघ्रकोपी.

मानसी : आणि तुम्ही लगेच रागावलात?

शामराव : लगेच नाही. वाचन संपेपर्यंत थांबलो.

कमळाबाई : मग अंगावरची शाल खुर्चीवर टाकली नि जिना चढून वर आले. चार वर्षं झाली बोलणं बंद होऊन. तिकडं गुणाजीभावजींची बायको गेली, तेव्हा यांनी खांदा दिला, पण तोंडानं चकार शब्द नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

मानसी : आजोबा, सिरियसली? म्हणजे तो शब्द...

शामराव : बरोबर होता. वीस वर्षं खिळे जुळवलेत, बरोबर शब्द कुठला ते कळतं मला. दोनशे माणसं हसली, ते लागलं. आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

मानसी : ओके. राग बाजूला. चार शोभेची द्या पटापट. गतिमान?

शामराव : तो? जिना चढायला त्याला पाऊण तास लागतो. प्रत्येक मजल्यावर थांबून गप्पा, वर चहा.

कमळाबाई : मग गोष्टीवेल्हाळ लिही. भजनाला सगळ्यात पुढं असतात, गानवेडा लिही.

शामराव : बेसूर आहे.

कमळाबाई : वेडा म्हणाले, गवई नाही म्हणाले.

मानसी : गावप्रेमी. आणि... गुणग्राही. झाली चार. आता खरं सांगा.

शामराव : दोन दिवस शोधतोय.

कमळाबाई : मिलच्या संपाच्या साली त्यांनी गावाहून तांदळाचं पोतं आणलं नि निम्मं माझ्या डब्यात ओतलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. तुझा बाप त्यावर वाढला, मानसी. असल्या माणसाला 'ग'नं काय म्हणतात?

शामराव : 'ग'नं काहीच म्हणत नाहीत. तेच तर अडलंय.

मानसी : थांबा, हे काय? आजच्या पेपरातलं कोडं. आडवे शब्द तुमच्या अक्षरात आहेत. उभे कोणी भरलेत?

शामराव : मी पेपर वाचून कठड्यावर टाकतो. पुढं त्याचं कोण काय करतं, मला माहीत नाही.

कमळाबाई : मला माहीत आहे. हे आडवे भरून कठड्यावर टाकतात, ते उभे भरून परत टाकतात. उभा चुकला की यांचा आडवा अडतो. मग हे खोडून खोडरबरासकट ठेवतात, ते सुधारून ठेवतात. कठड्यावर त्यांची तुळशीची कुंडी मध्ये येत होती मेली. तीसुद्धा हलवली पेपरासाठी.

मानसी : चार वर्षं?

शामराव : पेपरला सुट्टी असते त्या दिवशी नाही.

गुणाजी : (दारातून) कमळावैनी, आसास काय? ह्यो तुमचो खोडरबर. परत देऊक इलंय. उद्या सकाळी सातांक टेम्पो येतलो.

कमळाबाई : या भावजी, आत या. मुलानं केली का बांधाबांध सगळी?

गुणाजी : झिलान कालच बांधल्यान. बदलापुराक मोठो फ्लॅट आसा, लिफ्ट आसा. जिन्यात कोण भेटूचा नाय, इतक्याच. मानपत्र झालां काय, इचार त्याका.

मानसी : चार झाली, आजोबा. पाचवं अडलंय.

गुणाजी : खरां असात तां लिव म्हणा. मी काय शाल टाकून जावचंय नाय.

शामराव : मानसी, लिही. गैरहजर.

मानसी : काय?

शामराव : गैरहजर. पाचवं.

कमळाबाई : अहो, माणूस दारात उभाय.

गुणाजी : शामा, ह्यां खोटां. मी हयसरच आसंय. पाचवां खरां व्हया, नियम तुजोच.

शामराव : उद्या सातनंतर खरं होईल.

मानसी : ...लिहू का, आजोबा?

गुणाजी : लिव, चेडवा. बरोबर आसा.

शामराव : गुणाजी.

गुणाजी : बोल.

शामराव : मी वाचणार आहे ते. दोनशे माणसांपुढं.

गुणाजी : वाच. कोण हसूचा नाय.

शामराव : तू हस. मागच्या वेळी हसलास तसा मोठ्यानं हस. नाहीतर मला पुढचं वाचता यायचं नाही.

कमळाबाई : बसा भावजी. चहा टाकते.

गुणाजी : बसतंय. ह्यो खोडरबर खय ठेवू?

शामराव : राहू दे तुझ्याकडेच. मी आडवे तेवढे भरीन. उभे मोकळे ठेवतो.