रातांब्याच्या रंगाची न्हाणी

आबा, परत फोडू? आख्खी लादी परत फोडू? असा सुऱ्या गवंडी न्हाणीतून ओरडला, तो एवढ्या मोठ्यानं की लांज्याच्या स्टँडवरची एसटी ती शिटी समजून सुटली असेल. मी बोललो, फोड, लादी वाकडी बसलीय. वाकडी कसली, काय सांगू तुम्हाला, सुऱ्याच्या हातच्या लादीवर वाटाणा ठेवला तर जागचा हलायचा नाय. पण लादी सरळ आहे म्हटलं की काम संपलं, आणि काम संपलं की दुपारी माझ्यासमोर जेवायला बसणार कोण? पेजेला चव हवी तर समोर तोंड हवं.

माझा जन्म इथलाच, रत्नागिरीपासून जरा आत, या कातळावरचा. पण उमर गेली बोटीवर, भंडारी होतो, म्हणजे जेवण करणारा. माझं कालवण चाखल्याशिवाय कप्तान नांगर उचलत नसे, खोटं वाटलं तर वाटू दे. एका जुन्या बोटीवर त्या कप्तानाची न्हाणी बघितली होती, खाली काळी-पांढरी लादी बुद्धिबळाच्या पटासारखी, नळ पितळेचे, भिंती लालभडक. घरी येऊन हिला सांगितलं, ही म्हणजे आमची मंडळी, तर ती हसली, बोलली, न्हाणीत काय नवरी बसवायचीय? ती गेली त्याला तीन पावसाळे झाले.

मुलगा ठाण्याला. शिमग्याला येतो, पालखी नाचवतो, आणि रात्र पडली की बायकापोरांना घेऊन भाट्याला हॉटेलात झोपायला जातो. कारण काय, तर न्हाणी. सूनबाई रागानं नाय बोलली हो, ती गुणाची आहे, बोलली, बाबा, तिथं शेवाळ आहे, पोरं घसरतील. खरंच होतं ते. मग मी म्हटलं थांबा, अशी न्हाणी करतो की तो हॉटेलवालाच टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या दारात रांग लावील.

दुकानदाराला बोललो, पिकल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, लाल दे. तो बोलला, आबा, असा रंग देवळाला लावतात. बोललो, मग देवळाला लावतात तोच दे. माळ्यावरून हिचा तांब्याचा बंब उतरवला, चिंचेनं असा घासला की त्यात बघून दाढी करावी. वाडी बघायला लोटली, ती चपला बाहेर काढून! भिकीकाकू तर बंबाला हात जोडून वर सुपारी ठेवून गेली. मी काय ती काढली नाय, उगाच कोण वाईटपणा घेतो. मी स्वतः मात्र विहिरीवरच अंघोळ करायचो. पहिलं पाणी नातवाच्या अंगावर पडायचं होतं ना.

शिमग्याला आली सगळी. नातू त्या लाल न्हाणीत असा आरडला की देवळातला ढोल गप्प झाला, बादलीच सोडीना. सूनबाई दारात उभी राहून बोलली, बाबा, अहो किती सुंदर, मासिकात असते तशी. मुलगा नळांचे फोटो काढत होता, बोलला, कमाल केलीत तुम्ही. माझी छाती ही एवढी फुगली. आतल्या खोलीत सकाळीच गाद्या घालून ठेवल्या होत्या, ऊन दाखवून, नव्या चादरी. मी बोललो, बॅगा गाडीतून काढू काय रे?

बॅगा हॉटेलवरच आहेत, बोलला.